आधी नमस्कार, मग पाय

सोल्वेग. नोकरीच्या आयुष्यात सगळ्यात जास्त कुणाचं देणं लागता, असं मला कुणी विचारलं की मी हे नाव सांगतो, आणि विचारणारा हमखास पुन्हा विचारतो, "कोण?" आईवडील नांदुऱ्याच्या जिनिंगमध्ये कापूस वाहत राहिले म्हणून मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो. ते देणं इतकं मोठं आहे की त्याची मोजदाद मी करतच नाही. पण मी जे करतो ते एक काम आहे, नुसती हजेरी नव्हे, हे मला कळलं ते नॉर्वेहून आलेल्या या बाईंमुळे. त्या त्यांच्या देशात व्यावसायिक हँडबॉल खेळत. गोलकीपर होत्या. आमच्या शाळेतल्या मुलींच्या जिभेवर ते नाव बसेना, तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी त्यांचं 'सुलभाताई' करून टाकलं. बाईंनाही ते आवडलं. पुढे त्या स्वतःची ओळख तशीच करून देऊ लागल्या.

मी क्रीडाशिक्षक. गावाच्या भाषेत पीटीचे मास्तर. लोणार तालुक्यातल्या एका शाळेतून या जूनमध्ये निवृत्त झालो. पीटीच्या मास्तरांचं काम काय असतं, हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. प्रार्थनेच्या रांगा सरळ करणं. सव्वीस जानेवारीच्या आधी पोरांना पाय आपटायला शिकवणं. स्नेहसंमेलनाचा मांडव घालणाऱ्याशी हुज्जत घालणं. निवडणूक आली की पेट्या, जनगणना आली की घरं. गणिताचा अभ्यासक्रम मागे पडला की खेळाचा तास गणिताला जायचा. तो गेला की परत येत नसे. एखाद्या पोराला दटावायचं असलं की बाकीचे शिक्षक त्याला माझ्याकडे पाठवायचे, जणू मी शाळेचा फौजदार. मी बी.पी.एड. केलं होतं, शरीरशास्त्राची पुस्तकं वाचली होती. पण बरीच वर्षं माझ्याकडे शिट्टी सोडून कशाचीही विचारणा झाली नाही.

हँडबॉल आमच्या शाळेत आला तो हेडसरांच्या डोक्यातून. कबड्डीत आम्ही दरवर्षी पहिल्या फेरीत हरायचो. एकदा हेडसर वैतागून म्हणाले, "सर, कबड्डीत आपल्याले कोन पुढं जाऊ देते? असा खेळ पाहा का जो जिल्ह्यात कोनी खेळतच नाई."

असे खेळ दोन-तीन होते. त्यातला हँडबॉल मला परवडणारा वाटला, कारण त्याला मैदान, चेंडू आणि दोन गोलपोस्ट एवढंच लागतं. गोलपोस्ट गावातल्या वेल्डरने पाइपचे करून दिले. जाळी भाजीच्या मळ्यातून आली. जिल्ह्यात आमच्याशी खेळायला दोनच संघ होते, त्यामुळे पहिल्याच वर्षी आम्ही जिल्ह्यात दुसरे आलो. हेडसरांनी फळ्यावर अभिनंदन लिहिलं. तिसरा संघ आलाच नव्हता, हे त्यांनी लिहिलं नाही.

खेळ सोपा आहे. प्रत्येक बाजूला सात जण. चेंडू हाताने फेकायचा, तो घेऊन तीन पावलांपेक्षा जास्त चालायचं नाही, आणि समोरच्याच्या जाळ्यात मारायचा. गोलसमोर एक अर्धवर्तुळ आखलेलं असतं. त्यात गोलकीपरशिवाय कुणी पाय ठेवायचा नाही. म्हणून मारणारी मुलगी त्या रेषेवरून उडी घेते आणि हवेत असतानाच चेंडू सोडते. आता गोलकीपरच्या जागी उभं राहून पाहा. सहा-सात पावलांवरून कुणीतरी उडी मारून अंगावर येतंय आणि पूर्ण ताकदीने चेंडू फेकतंय. चेंडू दिसेपर्यंत तो आलेला असतो. म्हणून गोलकीपर चेंडू पकडायला जात नाही. ती हातपाय पसरून स्वतःला होईल तितकी मोठी करते, म्हणजे चेंडू कुठे ना कुठे लागतो. बाकीच्या मुलींना गुडघ्याखाली चेंडू लावायची मनाई असते. गोलकीपरला मात्र सगळं अंग मोकळं, पायसुद्धा.

ही जागा कुणालाच नको असायची. ती शीतलने घेतली, त्याचं कारण पँट.

शीतल ही सरोवराकाठच्या एका देवळाच्या पुजाऱ्यांची मुलगी. वडिलांना गावात सगळे गुरुजी म्हणायचे. सडपातळ, पांढरं धोतर, बोलायला तिखट. संघाची हाफ पँट पाहिली आणि ते शाळेत आले.

"सर, हे घालून पोट्टी धावन आन् गाव पाहीन? जमत नाई आपल्याले."

मी म्हणालो, "गुरुजी, गोलकीपरला पूर्ण पँट असते. जगभर तसाच नियम आहे." जगभरचं मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. पुस्तकातल्या चित्रात तसं दिसलं होतं, एवढंच.

"मंग गोलकीपर करा," गुरुजी म्हणाले. अशी आमची गोलकीपर निवडली गेली. पुढे कळलं की मी चुकून खरंच बोललो होतो. सुलभाताईंनीही जन्मभर लांब पँटच घातली होती.

सुलभाताई आल्या त्या नवऱ्याबरोबर. नवरा दगडांचा अभ्यासक. आमचं सरोवर उल्का पडून झालेलं, त्यामुळे हातोडी आणि पिशव्या घेऊन अशी माणसं अधूनमधून येतात. गावाने त्यांना 'दगडवाले साहेब' नाव दिलं. साहेब सकाळी विवरात उतरायचे, आणि बाई दिवसभर काय करणार? दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली होती. आमच्या कुंपणापाशी एक उंच, पांढऱ्या केसांची वाटावी अशी पिवळ्या केसांची बाई येऊन उभी राहिली आणि आमचा सराव पाहू लागली. त्यांचे दोन्ही हात तारेवर होते. थोड्या वेळाने पाहिलं तर चेंडू ज्या बाजूला जाई त्या बाजूला त्यांचा खांदा हलत होता.

माझं इंग्रजी वाचण्यापुरतं. बोलायची वेळ आली की नांदुऱ्याच्या शाळेत पाठ केलेली वाक्यं रांगेत उभी राहतात आणि एकही पुढे येत नाही. मी कसंबसं म्हणालो, "प्लीज कम." त्या आल्या. चेंडू हातात घेऊन त्यांनी दाबून पाहिला, हवा कमी आहे असं खुणेने सांगितलं, आणि मला विचारलं, "तुम्ही कोच आहात?"

मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

त्यानंतर त्या मला कायम 'कोच' म्हणाल्या. संध्याकाळी सराव झाला की माझ्याशी चर्चा करायच्या, कुठल्या मुलीचा खांदा कच्चा, कुणाला कुठे उभं करावं. "तुमचं काय मत आहे, कोच?" असं त्या विचारायच्या आणि उत्तराची वाट पाहायच्या. माझं मत मला आधी कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे पहिले काही दिवस माझ्याकडे ते नव्हतंच. मग हळूहळू येऊ लागलं. मी घरी जाऊन जुनी पुस्तकं काढली. खेळाचा तास गणिताच्या सरांना द्यायचं मी त्या हिवाळ्यात बंद केलं. त्यांनी थोडे दिवस माझ्याशी बोलणं सोडलं. मला फारसं वाईट वाटलं नाही.

त्यांच्या सामानात एक डबी होती. त्यांच्याकडे खेळाडू बोटांना चिकट मलम लावतात, म्हणजे चेंडू एका हातात चिकटून बसतो. मुलींनी वास घेतला आणि ओरडल्या, "सर, हे तं राळ हाये!" खरंच ती झाडाची राळच होती. सगळ्यांनी हौसेने बोटं माखली. आमचं मैदान मातीचं. पाच-सात पास झाले आणि चेंडू पोळ्याच्या मातीच्या बैलासारखा दिसू लागला. कोमल नावाची आमची सगळ्यात चांगली फेकणारी मुलगी, तिच्या हातून तो सुटेचना. ती हात झटकत मैदानभर पळाली. सुलभाताई खाली बसून हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. डबी बंद झाली. ती अजून माझ्या कपाटात आहे.

त्यांच्या कारकिर्दीबद्दल मला वाटायचं की या मोठ्या खेळाडू, कप भरपूर असतील, कथा भरपूर असतील. एकदा मुलींनीच विचारलं. मी मोडकंतोडकं भाषांतर करत होतो. त्या समुद्राकाठच्या लहान गावात वाढल्या. तिथे हिवाळ्यात दुपारीच अंधार पडतो, म्हणून गावातल्या सगळ्या मुली शाळेच्या हॉलमध्ये हँडबॉल खेळतात. आमच्याकडे मुलगी संध्याकाळी मैदानावर दिसली की विचारतात काऊन, म्हणजे कशाला; त्यांच्याकडे दिसली नाही तर विचारतात. त्या क्लबात गेल्या, पगारावर खेळल्या, गुडघा फाटला, शिवला, परत खेळल्या. बाळ झालं, ते आजीकडे ठेवून परत खेळल्या. मग राष्ट्रीय संघात गेल्या. पण तिथे त्या दुसऱ्या गोलकीपर होत्या. पहिली फार थोर होती.

"मग तुम्ही काय करायच्या?" शीतलने विचारलं.

"बसायचे," त्या म्हणाल्या. "अंगात जाकीट घालून, बाकावर. पेनल्टी मिळाली की मला आत बोलवायचे. जाकीट काढायचं, आत जायचं, एक चेंडू अडवायचा किंवा नाही अडवायचा, परत येऊन जाकीट घालायचं. माझी कारकीर्द म्हणजे उठणं, एक चेंडू, बसणं."

मुलींना हे फार दुःखाचं वाटलं. बाईंना तसं वाटत नव्हतं. त्या म्हणाल्या, एका मोठ्या स्पर्धेत अगदी शेवटी त्यांनी असाच एक चेंडू पायाने अडवला आणि त्यांचा देश जिंकला. सगळ्या जणी धावत सुटल्या त्या गोल मारणाऱ्या मुलीकडे. बाईंच्या पायाचं बोट मोडलं होतं. ते त्यांनाही बाकावर जाऊन बसल्यावर कळलं. "कुणी माझ्या पायाकडे पाहिलं नाही," त्या हसून म्हणाल्या. "पण चेंडूने पाहिलं होतं."

शीतलला त्यांनी गोलकीपिंग शिकवलं ते दोन शब्दांवर. एक 'वर' आणि दुसरा 'मोठी'. आमच्याकडच्या मुलीला लहानपणापासून अंग चोरायला शिकवलेलं असतं. बसताना गुडघे जवळ, चालताना खांदे आत, एसटीत बाकाच्या टोकावर. आणि ही बाई तिच्यासमोर उभी राहून दोन्ही हात आभाळात, एक पाय कमरेपर्यंत, "मोठी! मोठी!" असं ओरडायची. पहिले दिवस शीतल लाजेने लाल. मग एक दिवस तिने हात पसरले आणि ते खाली आणलेच नाहीत. कुंपणाबाहेरच्या पोरांनी शिट्टी मारली, तरी नाहीत.

हात आले. पाय येईनात.

जमिनीलगत चेंडू आला की शीतल वाकून हाताने अडवायला जायची आणि तोवर तो आत. सुलभाताईंनी दाखवलं, पाय फेकायचा, टाचेने अडवायचं. शीतल 'हाव' म्हणायची आणि पुन्हा वाकायची. एकदा चुकून चेंडू तिच्या पायाला लागलाच. तिने चटकन हात छातीला लावला, मग कपाळाला. कुणाला पाय लागला की आपण लावतो तसा.

मी तिला बाजूला घेतलं. "काय गं?"

"सर, बॉलले पाय कसा लावू? दसऱ्याले पुजतो ना आपन त्याले."

दोष माझाच होता, असं म्हणता येणार नाही, पण प्रथा माझी होती. खंडेनवमीला शाळेच्या खेळाच्या खोलीत चेंडू, भाला, गोळा, माझी शिट्टी, सगळं मांडून आम्ही पूजा करतो. आणि पुजाऱ्यांची मुलगी म्हणून ती पूजा दरवर्षी शीतलच सांगायची. ज्याला हळदकुंकू वाहिलं, ज्याच्यापुढे नारळ फोडला, त्याला लाथ कशी मारायची? मी म्हणालो, खेळात चालतं. ती म्हणाली, हाव सर. आणि पुढचा चेंडू पुन्हा आत.

सुलभाताईंना मी सांगितलं, "बॉल इज गॉड." त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "मग देवाला जाळ्यात का जाऊ देते?" हे मी शीतलला सांगितलं. ती खूप हसली. पाय मात्र हलला नाही.

होळीच्या सुमाराला साहेबांचे दगड गोळा करून झाले. निघताना सुलभाताईंनी आपली जुनी राखाडी पँट शीतलला दिली. गुडघ्यांवर घासून पातळ झालेली. आमच्या टेलरने ती खालून वीतभर कापली आणि कापलेलं कापड आतून गुडघ्यांना लावलं. मला त्या म्हणाल्या, "कोच, ज्या दिवशी ती पाय वापरेल, त्या दिवशी मला कळवा."

पुढच्या पावसाळ्यात गोष्ट अवघड झाली. सरावात कोमलचा चेंडू शीतलच्या तोंडावर बसला. नाकातून रक्त आलं. नाक मोडलं नव्हतं, पण ओढणी लाल झालेली गावाने पाहिली आणि गुरुजी मैदानावर आले.

"सर, पोट्टी माही हाये, धान्याचं पोतं नाई मारून पाहायले."

"गुरुजी, हे एखादवेळी होतं."

"आन् हे डोये मिटते. मी कुंपनापासून पाह्यलं. डोये मिटून उभी राह्यन्याले खेळ म्हनतात काय? भेव वाटून राह्यलं तिले. भेव वाटते तं घरी बसावं."

शीतल मागे उभी होती. नाकाला ओला रुमाल धरून म्हणाली, "बाबा, मी नाई भेत."

ती दहावीत होती. विभागीय स्पर्धा जिंकली तर संघ राज्याला जाणार होता, आणि राज्याला निवड समिती असते. त्यांच्या नजरेत भरणाऱ्या मुलीला खेळाच्या वसतिगृहात घेतात, खेळ आणि शिक्षण दोन्ही तिथे. शीतलला तिथे जायचं होतं. हे तिने मला सांगितलं होतं, मी गुरुजींना सांगितलं.

"एक मॅच मी येऊन पाहीन," ते म्हणाले. "मोठीवाली. तिथं डोये मिटलेले दिसले का मंग तिथूनच घरी. वसतिगृह नाई, काई नाई. कबूल?"

"कबूल," शीतल म्हणाली. मी काही म्हणायच्या आत.

दसरा झाला. खंडेनवमीची पूजा शीतलनेच सांगितली. मी मुद्दाम एक चेंडू बाहेर ठेवला होता, तिने तो शोधून आणून पाटावर ठेवला. त्यानंतर थोड्याच दिवसांत आम्ही अमरावतीला गेलो. मेहकरपर्यंत एक एसटी, पुढे दुसरी. गुरुजी बरोबर होते, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत पाण्याचा तांब्या आणि दशम्या. मुली मागे गाणी म्हणत होत्या. गुरुजींनी एकदाच मागे वळून पाहिलं, आणि गाण्याचा आवाज निम्मा झाला.

उपांत्य फेरीपर्यंत आम्ही कोमलच्या हातावर पोचलो. तिच्या अंगात इतकी ताकद कुठून यायची कोण जाणे. गुरुजी त्या सामन्यांना आलेच नाहीत. म्हणाले, मोठीवाली पाहीन म्हटलं ना. ते शहरातली देवळं पाहत फिरले.

अंतिम सामना लाकडी फरशीच्या हॉलमध्ये होता. आमच्या मुलींनी अशी फरशी पहिल्यांदाच पाहिली. एकीने बूट बाहेर काढून ठेवायला सुरुवात केली होती. समोर अकोल्याकडचा एक संघ, उंच मुली, सगळ्यांच्या पाठीवर नावं छापलेली. गुरुजी पहिल्या रांगेत, आमच्या गोलच्या अगदी कडेला. कुणी सांगितलं, काका, तिथून नीट दिसत नाही. ते म्हणाले, "मले जे पाहायचं ते इथूनच दिसते."

पहिल्या अर्ध्यात मी गोलकडे कमी आणि गुरुजींकडे जास्त पाहिलं. शीतलचे डोळे सताड उघडे होते. हात वर, छाती पुढे, राखाडी पँट. वरून आलेले चेंडू तिने खांद्याने, मनगटाने, एकदा तर हनुवटीने अडवले. पण अकोल्याच्या मुली हुशार. थोड्याच वेळात त्यांच्या लक्षात आलं, आणि सगळे चेंडू खालून यायला लागले. एक आत, दोन आत. तिसऱ्या वेळी शीतलचा पाय आपोआप गेला. चेंडू टाचेला लागून वर्तुळाच्या रेषेकडे घरंगळला. झडप घालून तो उचलायचा होता. शीतलचा हात छातीकडे गेला, मग कपाळाकडे. तेवढ्यात चेंडू रेषेबाहेर, आणि अकोल्याच्या मुलीने तो उचलून मोकळ्या जाळ्यात टाकला. शीतल अजून नमस्कार करत होती.

हॉल हसला. हजार माणसं हसली असं मला वाटलं, असतील दोनशे. मध्यंतराला आम्ही तीन गोलांनी मागे होतो.

मुली पाणी पीत होत्या. सुलभाताई असत्या तर त्यांनी विचारलं असतं, तुमचं काय मत आहे, कोच? माझं मत एवढंच होतं की हा सामना गेला, आणि त्याबरोबर शीतलही. तेवढ्यात गुरुजी आले, कठडा ओलांडून, धोतर सावरत.

"सर, पोट्टी भेत नाई. मी पाह्यलं. मंग खालून काऊन जाऊन राह्यले?"

मी सांगितलं. पूजा, दसरा, पाय. ते ऐकताना त्यांची मान खाली होती. मग शीतलकडे वळले.

"खरं हाये?"

"बाबा, पुजलेल्या बॉलले पाय लावू?"

सामन्याला आमचाच चेंडू घेतला होता, तो बाकावर पडला होता. त्याच्या शिवणीत दसऱ्याचं कुंकू अजून होतं.

"सकाळी गादीवरून उतरायच्या आंधी काय करतं तू?" गुरुजींनी विचारलं.

"भुईले हात लावतो."

"काऊन?"

"पाय लागन तिले, माफ कर म्हनाले."

"देवी हाये ना ते?"

"हाव."

"मंग दिवसभर चालतं का नाई तिच्यावर? का पावला-पावलाले वाकतं? अशी वाकत गेली असती तं शायेत पोचली असती काय?"

कोमलला हसू फुटलं. शीतलला नाही.

"सकाळी एकदा माफी मांगतो, आन् मंग दिवसभर बिनघोर चालतो. भुईले बी कळते का याले कामाले जायचं हाये." त्यांनी चेंडू उचलून तिच्या हातात दिला. "एकदा लाव कपायाले. आजच्या पुरा मॅचची माफी माग."

शीतलने चेंडू कपाळाला टेकवला. तिचे ओठ हलले.

"झालं?"

"झालं, बाबा."

"आता तो लाथा खायले मोकळा." आणि माझ्याकडे वळून, "सर, काई राह्यलं असन तं तुमी सांगा. मी बसतो."

काही राहिलं नव्हतं.

दुसऱ्या अर्ध्यात जे झालं ते मी सगळ्या नोकरीत पुन्हा कधी पाहिलं नाही. पहिलाच खालचा चेंडू आला आणि शीतलचा पाय असा गेला की आवाज हॉलच्या छताला लागला. ती वाकली नाही, हात छातीला गेला नाही. चेंडू उचलला आणि सरळ कोमलकडे फेकला. कोमल एकटी पुढे. गोल. पुन्हा पाय, पुन्हा कोमल. अकोल्याच्या मुली आता वरून मारू लागल्या, तर वर हात होतेच. ती खरोखर मोठी झाली होती. त्या जाळ्याला मोकळी जागाच उरली नव्हती. बाजू बदलल्या तसे गुरुजीही या गोलच्या कडेला येऊन उभे राहिले होते, आणि त्यांच्या तोंडून जे निघत होतं ते देवळात म्हणत नाहीत.

शेवटी आम्ही एका गोलने पुढे. वेळ संपत आलेली. आमच्या मुलीने घाईत चूक केली आणि अकोल्याला पेनल्टी मिळाली. सात मीटरवर त्यांची सगळ्यात उंच मुलगी चेंडू घेऊन उभी. समोर फक्त शीतल. पंचांनी शिट्टी ओठाला लावली. मला बाकावर जाकीट घालून बसलेल्या एका बाईची आठवण झाली. उठणं, एक चेंडू.

शीतल दोन पावलं पुढे आली, शिकवल्याप्रमाणे. हात वर. त्या मुलीने वर मारायचा आव आणला आणि मनगट फिरवून खाली मारला, डाव्या कोपऱ्यात, जमिनीला लागून. डावा पाय पसरला गेला. चेंडू अंगठ्याला लागून पार बाजूच्या कठड्यावर आदळला. लांब शिट्टी झाली.

आम्ही जिंकलो.

मुली धावल्या. आणि त्या कोमलकडे धावल्या नाहीत. सगळ्या गोलकडे धावल्या, कोमल सगळ्यात पुढे. मीही धावलो. पीटीच्या मास्तरांनी असं धावू नये, पण धावलो.

पुढचं थोडक्यात. शीतल राज्याला खेळली, वसतिगृहात गेली, विद्यापीठाकडून खेळली. आज ती पोलीस खात्यात आहे आणि खात्याच्या संघाची गोलकीपर आहे. गोलात उभं राहायच्या आधी चेंडू कपाळाला लावते. इतर संघातल्या काही मुलीही आता तसं करतात, कारण माहीत नसताना. कोमल मात्र शीतलपेक्षा जास्त उपजत गुण घेऊन आली होती, आणि तिचे आईवडील त्याच वर्षी कामासाठी सुरतेकडे गेले. ती गेली ती गेलीच. मी दोनदा पत्ता काढायचा प्रयत्न केला. माझ्या नोकरीचा हिशेब मांडताना तिचं नाव मी वगळत नाही.

अमरावतीहून परत आल्यावर मी सुलभाताईंना पत्र लिहिलं. आधी मराठीत लिहिलं, मग आमच्या इंग्रजीच्या सरांच्या मदतीने इंग्रजी केलं. मराठीतलं माझं होतं, म्हणून तेच इथे देतो.

आदरणीय सुलभाताई,

सप्रेम नमस्कार. तुम्ही जाताना म्हणाला होता, शीतल पाय वापरेल त्या दिवशी कळवा. म्हणून कळवतो. तिने वापरला. विभागाच्या अंतिम सामन्यात, शेवटच्या पेनल्टीला, डावा पाय. आम्ही राज्याला जात आहोत.

मी तिला वर्षभर जे शिकवू शकलो नाही, ते तिच्या वडिलांनी मध्यंतरात शिकवलं. ते पुजारी आहेत. त्यांनी सांगितलं, माफी एकदा मागायची आणि मग मन मोकळं करून काम करायचं. ताई, हे मलाही लागू पडतं असं मला वाटतं. मी इतकी वर्षं लहान गावचा, लहान शाळेचा, मोडक्या इंग्रजीचा म्हणून प्रत्येक पावलाला वाकत आलो. तुम्ही मला कोच म्हणालात तेव्हा मी मागे वळून पाहिलं होतं. आता पाहणार नाही.

तुमची पँट डाव्या गुडघ्यावर फाटली. ती टेलरकडे दिली आहे. परत मागू नका.

एक सांगायचं राहिलं. येताना एसटीत शीतलचा अंगठा सुजून काळानिळा झाला. तिने कुणाला सांगितलं नव्हतं. गुरुजींनी बूट काढायला लावला, तिचा पाय आपल्या मांडीवर घेतला, आणि पिशवीतलं पाणी रुमालावर घेऊन मेहकर येईपर्यंत तो पाय धरून बसले. रोज पहाटे ज्या हातांनी ते देवाला अंघोळ घालतात, त्याच हातांनी. सगळी गाडी पाहत होती. शीतल म्हणाली, "बाबा, सोडा ना, लोक पाहून राह्यले." ते म्हणाले, "पाहू दे."

तुमच्या पायाकडे त्या दिवशी कुणी पाहिलं नव्हतं, असं तुम्ही म्हणाला होता. म्हणून लिहिलं.

तुमचा,
कोच